एकशे आठच्या दोन्ही बाजूंना

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर, धाम नदीच्या काठी पवनार हे गाव आहे. आचार्य विनोबा भावे यांच्या आश्रमामुळे ते देशाला ठाऊक झाले. जैन कुटुंबांना मात्र त्याचे अगत्य आणखी एका कारणाने आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व आम्नायांना मान्य होईल असा एक सारग्रंथ सिद्ध व्हावा, ही प्रेरणा विनोबांची. जिनेंद्र वर्णीजींनी संकलनाचे परिश्रम घेतले, १९७४ च्या अखेरीस दिल्लीत मुनिगण, विद्वान आणि श्रावक यांची संगीती भरली आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सर्वसंमतीने निश्चित झाला. विनोबांना गणिताची मनापासून आवड होती. ग्रंथाविषयी लिहिताना त्यांनी या संख्येची फोडही दाखविली : ७ गुणिले १०८.

१०८ ही संख्या जैन घरात कोणाला सांगावी लागत नाही. माळेचे मणी तितके, पंचपरमेष्ठींचे गुणही तितकेच : अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. कर्मास्रवाचे १०८ प्रकार मोजताना हीच संख्या गुणाकाराने येते : ३ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ४. बेरजेने आणि गुणाकाराने अशी दोन्ही वाटांनी ही संख्या परिचयाची आहे. तिच्या दोन शेजाऱ्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. १०७ आणि १०९ या त्या दोन संख्या. त्यांच्यामुळे १०८ ला गणितातील एका फार जुन्या आणि अद्याप न सुटलेल्या प्रश्नात जागा मिळाली आहे.

मधली संख्या

१०८ ही विभागणीला अतिशय सोयीची संख्या आहे. १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, २७, ३६, ५४ आणि स्वतः १०८ अशा बारा संख्यांनी तिला निःशेष भाग जातो. मालाचे १०८ नग दोन, तीन, चार, सहा किंवा नऊ भागीदारांत वाटावयाचे झाले तरी एकही नग मागे उरत नाही. याच्या उलट १०७ आणि १०९. त्यांना १ आणि ती संख्या यांखेरीज कशानेही भाग जात नाही. अशा संख्यांना मूळ संख्या म्हणतात. ज्या दोन मूळ संख्यांत केवळ २ चा फरक असतो, त्या जोडमूळ संख्या. शालेय पाठ्यपुस्तकांतून ही व्याख्या मुले शिकतात आणि १ ते १०० मधील जोड्या शोधून काढतात. त्या आठ आहेत : ३ व ५, ५ व ७, ११ व १३, १७ व १९, २९ व ३१, ४१ व ४३, ५९ व ६१, ७१ व ७३. शंभराच्या पुढे लगेच १०१ व १०३ आणि त्यानंतर १०७ व १०९ या जोड्या येतात.

प्रत्येक जोडीच्या मधोमध एक संख्या बसलेली असते. केवळ या मधल्या संख्या क्रमाने लिहिल्या तर एक श्रेणी तयार होते : ४, ६, १२, १८, ३०, ४२, ६०, ७२, १०२, १०८, १३८, १५०, १८०, १९२, १९८ आणि पुढे. गणितज्ञ अशा श्रेणींचा अभ्यास करतात, कारण जोडीतील दोन संख्यांचे वागणे समजण्यास मधली संख्या अनेकदा अधिक सोयीची ठरते. एक साधी गोष्ट मुलांनाही पडताळता येते. जोडीचा गुणाकार हा मधल्या संख्येच्या वर्गापेक्षा नेहमी १ ने कमी असतो. ७१ गुणिले ७३ म्हणजे ७२ चा वर्ग ५१८४, त्यातून १ वजा, म्हणजे ५१८३. १०७ गुणिले १०९ म्हणजे ११६६४ मधून १ वजा, म्हणजे ११६६३. कागदाची गरज पडत नाही.

सहाचा नियम

या श्रेणीतील पहिली संख्या ४ बाजूला ठेवली तर उरलेल्या सर्व संख्यांना ६ ने भाग जातो. हा योगायोग नाही; त्याचे कारण चार वाक्यांत सांगता येते. कोणत्याही संख्येला ६ ने भागले असता बाकी ०, १, २, ३, ४ किंवा ५ उरते. बाकी ०, २ किंवा ४ असेल तर ती संख्या सम, आणि ३ असेल तर तिला ३ ने भाग जाणारच. म्हणून ३ च्या पुढील मूळ संख्येला बाकी १ किंवा ५ एवढीच उरू शकते, म्हणजे ती सहाच्या पाढ्यातील एखाद्या संख्येला अलीकडून वा पलीकडून चिकटलेली असते. दोन्ही बाजूंना मूळ संख्या आल्या की जोडी पूर्ण होते.

सहाच्या पटीत असणे आवश्यक असले तरी तेवढे पुरेसे नाही. १०८ नंतरच्या संख्या जमाखर्चासारख्या क्रमाने तपासल्या म्हणजे हे कळते. ११४ च्या अलीकडे ११३ ही मूळ संख्या आहे, परंतु पलीकडे ११५ म्हणजे ५ गुणिले २३. १२० च्या एका बाजूस ११९, म्हणजे ७ गुणिले १७, आणि दुसऱ्या बाजूस १२१, म्हणजे ११ गुणिले ११, दोन्हीकडे निराशा. सहाच्या पाढ्यात दोन्ही बाजू रिकाम्या राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. १२६ च्या पलीकडे १२७ मूळ आहे, अलीकडे १२५ नाही. १३२ च्या अलीकडे १३१ आहे, पलीकडे १३३ म्हणजे ७ गुणिले १९. मग १३८ येते आणि १३७ व १३९ या दोन्ही संख्या कसोटीला उतरतात. दोन जोड्यांच्या मधल्या संख्यांत १०२ आणि १०८ असे केवळ सहाचे अंतर असावे आणि पुढची मधली संख्या एकदम तीसने दूर जावी, असा या श्रेणीचा स्वभाव आहे. पुढील पाऊल किती मोठे पडेल हे सांगणारे सूत्र कोणालाही सापडलेले नाही.

२४ आणि ८४०

१२, १८, ७२ आणि १०८ या संख्या श्रेणीत पाहून मन सहज दुसरीकडे वळते. श्रावकाची व्रते १२, पापस्थाने १८, भगवान महावीरांचे आयुष्य ७२ वर्षांचे, माळेचे मणी १०८. येथे काही गूढ संकेत आहे असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु प्रामाणिक हिशेबनीस सोयीच्या रकमा तेवढ्या घेऊन बेरीज मांडत नाही. तीर्थंकर २४ आहेत आणि २४ ही या श्रेणीत नाही. २३ मूळ आहे, पण २५ म्हणजे ५ गुणिले ५. समणसुत्तंच्या ७५६ गाथांचीही तीच गोष्ट : ७५७ मूळ आहे, ७५५ म्हणजे ५ गुणिले १५१. परंपरेने आपल्या संख्या अर्थासाठी निवडल्या, शेजाऱ्यांकडे पाहून निवडल्या नाहीत. सहाच्या पटीतील संख्या व्यवहारात आणि धर्मगणनेत वारंवार येतात, कारण त्या विभागणीस सोप्या असतात; आणि जोडमूळ संख्यांना मधली जागा सहाच्या पटीचीच लागते. दोहोंची भेट वारंवार होते ती एवढ्यामुळे.

वर्धा जिल्ह्याच्या बाजारपेठेतूनही असे एक उदाहरण घेता येते. हिंगणघाट आणि पुलगाव ही नावे कापसाच्या व्यापाराशी आणि कापडगिरण्यांशी जोडलेली आहेत. सुताचा नंबर ठरविण्याची गिरण्यांतील जुनी रीत अशी की, ८४० वारांची एक लडी धरावयाची आणि एका पौंडात जितक्या लड्या बसतील तितका त्या सुताचा नंबर. ८४० ला ६ ने भाग जातो. तिच्या अलीकडे ८३९ ही मूळ संख्या आहे. पलीकडे ८४१ आहे आणि तीही मूळ वाटते, कारण २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३ यांपैकी कशानेच तिला भाग जात नाही. मात्र २९ ने जातो : ८४१ म्हणजे २९ गुणिले २९. इतक्या जवळ येऊन जोडी हुकली.

या हुकलेल्या जोड्याही वाया गेल्या नाहीत. चीनचे गणितज्ञ चेन जिंगरुन यांनी १९६६ मध्ये जाहीर केलेला आणि १९७३ मध्ये संपूर्ण सिद्धतेसह प्रसिद्ध केलेला निष्कर्ष नेमका यांच्याविषयी आहे. ज्यांच्यात २ मिळविले असता एक तर मूळ संख्या येते किंवा दोन मूळ संख्यांचा गुणाकार येतो, अशा मूळ संख्या अनंत आहेत, हे त्यांनी सिद्ध केले. १०७ आणि १०९ पहिल्या प्रकारात बसतात, ८३९ आणि ८४१ दुसऱ्या. २३ आणि २५ हेही दुसऱ्याच प्रकारातले. एकूण खाते अनंत आहे हे ठरले. त्यातील पहिल्या प्रकारच्या नोंदी कधी संपतात की नाही, हे ठरले नाही.

संख्यात की अनंत?

मूळ प्रश्न येथेच आहे. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी दाखविले. त्याची युक्ती कोणालाही कळण्यासारखी आहे. सर्व मूळ संख्यांची यादी पूर्ण झाली असे कोणी म्हटले, तर यादीतील सर्व संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवावा. या नव्या संख्येला यादीतील प्रत्येकाने भागले तरी बाकी १ उरते. म्हणजे ती स्वतः मूळ असली पाहिजे किंवा तिचा एखादा मूळ विभाजक यादीबाहेर असला पाहिजे. यादी अपुरी ठरली.

हीच युक्ती जोड्यांसाठी चालत नाही. २, ३, ५ आणि ७ यांचा गुणाकार २१०. त्यापुढची २११ मूळ आहे, परंतु अलीकडची २०९ म्हणजे ११ गुणिले १९. नवी मूळ संख्या मिळण्याची खात्री देणारी युक्ती तिच्या जोडीदाराची खात्री देत नाही.

मोजणी काय सांगते? १०० पर्यंत ८ जोड्या, १००० पर्यंत ३५, दहा हजारांपर्यंत २०५, एक लाखापर्यंत १२२४ आणि दहा लाखांपर्यंत ८१६९. जोड्या वाढतात, पण विरळ होत जातात. पहिल्या हजारात ३५ असताना दहा लाखांपर्यंतची सरासरी दर हजारी ८ च्या आसपास येते. २०१६ मध्ये संगणकांच्या साहाय्याने सापडलेल्या एका जोडीतील प्रत्येक संख्या ३,८८,३४२ अंकी आहे. अशा जोड्या कधीच संपत नाहीत असा तर्क फ्रेंच गणितज्ञ अल्फोन्स द पोलिन्याक यांच्या १८४९ मधील लेखनापासून मांडला जातो. बहुतेक गणितज्ञांना तो खरा वाटतो. सिद्धता मात्र अजून झालेली नाही.

फार मोठे असणे आणि अनंत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे जैन आगमांच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. संख्यात, असंख्यात आणि अनंत हे भेद तेथे काटेकोरपणे केलेले आहेत. गणनेच्या पलीकडे गेलेली राशीही अनंत ठरत नाही. मध्ये असंख्यात उभे असते. आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेतील हे गणित आधुनिक वाचकांपुढे आले ते वर्ध्याच्या शेजारील अमरावतीतून. तेथील किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी षट्खंडागमाचे धवलेसह संपादन आरंभिले आणि १९३९ पासून त्याचे खंड अमरावतीहून प्रकाशित होऊ लागले. त्यामागे भेलसा, म्हणजे आजच्या विदिशा येथील श्रेष्ठी लक्ष्मीचंद्रजी यांच्या दानातून उभा राहिलेला निधी होता. लखनऊचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लिहिलेला निबंध याच मालेच्या चौथ्या खंडात आहे. एका व्यापारी कुटुंबाच्या दानामुळे ताडपत्रांतील गणित जगापुढे आले, ही गोष्ट या समाजाने लक्षात ठेवावी अशी आहे.

जोडमूळ संख्यांचा प्रश्न त्या परिभाषेत मांडावयाचा तर असा : त्यांची राशी सान्त आहे की अनंत? पावणेचार लाखांहून अधिक अंकी संख्या हाती लागली तरी उत्तर एका तसूनेही जवळ येत नाही.

एका यादीने पकडलेली चूक

उत्तर मिळत नसताना याद्या वाढवीत राहण्याचा उपयोग काय, हा प्रश्न व्यापारी घरात हमखास विचारला जाईल. त्याचे एक उत्तर १९९४ मध्ये मिळाले.

त्याआधी नॉर्वेचे गणितज्ञ व्हिग्गो ब्रुन यांचे कार्य पाहिले पाहिजे. प्रत्येक मूळ संख्येमागे तिच्या व्यस्ताइतकी रक्कम खात्यात जमा करावयाची, म्हणजे २ मागे अर्धा रुपया, ३ मागे एक तृतीयांश, ५ मागे एक पंचमांश, असे ठरविले तर शिल्लक अतिशय मंद गतीने पण कोणत्याही मर्यादेपलीकडे वाढत जाते, हे ऑयलर यांनी १७३७ मध्ये दाखविले होते. ब्रुन यांनी १९१९ मध्ये सिद्ध केले की, केवळ जोडमूळ संख्यांचीच रक्कम जमा केली तर शिल्लक एका ठराविक मर्यादेत राहते. आजच्या गणनेनुसार ती मर्यादा सुमारे १.९०२ आहे, दोन रुपयेही भरत नाहीत. ही बेरीज अमर्याद निघाली असती तर जोड्या अनंत आहेत हे तत्काळ सिद्ध झाले असते. ती मर्यादित निघाल्याने प्रश्न तसाच राहिला, कारण आकुंचित होत जाणारे अनंत हप्तेही मर्यादित रकमेत बसू शकतात.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग महाविद्यालयातील प्राध्यापक थॉमस नाइसली ही बेरीज अधिकाधिक अचूक करण्यासाठी जोडमूळ संख्यांची गणना करीत होते. १९९४ मध्ये त्यांचा आकडा जुळेना. चांगला मुनीम करतो तेच त्यांनी केले : आधी स्वतःची रीत तपासली, मग निरनिराळ्या यंत्रांवर तोच हिशेब पुन्हा केला. अखेर चूक ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ या जोडीपाशी सापडली. इंटेल कंपनीच्या नव्या पेंटियम चिपवर या संख्यांचे व्यस्त काढले असता पहिल्या आठ अंकांनंतरचे अंक चुकीचे येत होते. चिपमध्ये भागाकारासाठी वापरल्या जाणाऱ्या १०६६ घरांच्या सारणीत ५ घरे भरावयाची राहून गेली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस नाइसली यांनी ही गोष्ट इतरांना कळविली. डिसेंबरात कंपनीने सदोष चिप बदलून देण्याचे जाहीर केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद केली.

ज्या हिशेबातून कोणाला एक पैसाही मिळणार नव्हता, त्याने हे उघड केले. ज्याच्या नोंदी चोख आहेत त्यालाच दुसऱ्याच्या तराजूतील फरक कळतो.

देवळालीचे शिक्षक

असे चोख काम महाराष्ट्रातही एका माणसाने जन्मभर केले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळील देवळालीत शाळाशिक्षक होते. गणितातील उच्च पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संख्यांच्या याद्या करणे, त्यांतील रीत ओळखणे आणि छोट्या पुस्तिका स्वतः छापून प्रसिद्ध करणे, हे त्यांचे कार्य. भारतातील अनेक गणितज्ञांनी ते किरकोळ मानले. १९७५ मध्ये अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोचले. १९८६ मध्ये ते निवर्तले.

कापरेकरांच्या दोन श्रेणींत १०८ भेटते. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १०८ च्या अंकांची बेरीज ९, आणि १०८ भागिले ९ म्हणजे १२. दुसरी श्रेणी स्वयंभू संख्यांची. जगात त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या जन्मते. १०० पासून आरंभ केला तर १०१, मग १०३, मग १०७, मग ११५ अशी साखळी होते. जोडमूळ संख्यांपैकी तिघी तीत आल्या. चौथी १०९ ही १०४ पासून जन्मते. १०८ मात्र कोणापासूनच जन्मत नाही.

ही गोष्ट मान्य करण्यासाठी कोणाच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज १८ हून अधिक होत नाही; म्हणून १०८ ला जन्म देणारी संख्या ९० पेक्षा लहान असणार नाही. ९० ते ९९ मधील संख्यांत त्यांच्या अंकांची बेरीज मिळविली तर ९९, १०१, १०३ असे विषम फलच येते. १०० ते १०७ मधील संख्यांतही १०१, १०३, १०५ असे विषमच येते. १०८ सम आहे. म्हणून तिला जनक नाही, आणि हा निर्णय कायमचा आहे.

न्यूझर्सीचे गणितज्ञ नील स्लोन यांनी १९६४ मध्ये, विद्यार्थी असताना, पूर्णांकांच्या श्रेणी कार्डांवर टिपण्यास आरंभ केला. १९७३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, पुढे त्याचा ज्ञानकोश झाला. कापरेकरांच्या श्रेणी आणि जोडमूळ संख्यांच्या मधल्या संख्यांची श्रेणी, दोन्ही त्या कोशात स्वतंत्र क्रमांकाने नोंदलेल्या आहेत. देवळालीत ज्यांना विरंगुळा म्हटले गेले, ते आकडे आज संशोधक संदर्भासाठी पाहतात.

सात कोटींपासून २४६ पर्यंत

२०१३ च्या मे महिन्यात जोडमूळ संख्यांच्या प्रश्नात मोठी प्रगती झाली. यितांग झांग हे तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, न्यू हॅम्पशायर विद्यापीठात अध्यापन करणारे, फारसे कोणाला ठाऊक नसलेले गणितज्ञ होते. पदवीनंतर कित्येक वर्षे त्यांना गणिताची नोकरी मिळाली नव्हती आणि ओळखीच्यांच्या खाद्यपदार्थांच्या दुकानात काम करून त्यांनी दिवस काढले होते. ज्यांच्यातील अंतर सात कोटींहून अधिक नाही अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, हे त्यांनी सिद्ध केले. सात कोटी आणि दोन यांत फार मोठा फरक आहे. परंतु त्यापूर्वी अशी कोणतीही मर्यादा सिद्ध झालेली नव्हती. त्याच वर्षी इंग्लंडचे तरुण गणितज्ञ जेम्स मेनार्ड यांनी वेगळ्या पद्धतीने ती ६०० वर आणली आणि २०१४ मध्ये अनेकांच्या सामुदायिक प्रयत्नाने ती २४६ झाली. २४६ पासून २ पर्यंतचे अंतर अजून कोणाला कापता आलेले नाही.

पत आणि हमी

व्यापारी घराण्यांत पत आणि हमी हे दोन शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जातात. पत ही मागील व्यवहारांवर मिळते. ज्याने वीस वर्षे वेळेवर पैसे चुकविले त्याला एकविसाव्या वर्षी उधार दिले जाते, आणि बहुधा ते योग्यच ठरते. हमी वेगळी असते; ती पुढील दिवसाविषयी बांधून देते. मागील नोंदींची रास कितीही उंच झाली तरी तिची आपोआप हमी होत नाही, हे न ओळखल्यामुळे जुन्या पेढ्याही बुडालेल्या आहेत. जोडमूळ संख्यांपाशी उत्तम पत आहे. जितके दूर जावे तितक्या जोड्या सापडत आल्या आहेत. त्यांच्यासाठी हमी मात्र अद्याप कोणी लिहून दिलेली नाही. १०८ स्वयंभू आहे याची हमी अठरा संख्या तपासून मिळाली, मूळ संख्या अनंत आहेत याची हमी युक्लिडच्या एका युक्तिवादाने मिळाली. या तिसऱ्या प्रश्नाला दोन्ही वाटा पुरत नाहीत.

मुलांना गणित शिकविताना बहुतेक घरांत उत्तराला महत्त्व येते. दुकानाचा हिशेब, जीएसटीचे विवरण, सनदी लेखापालाची परीक्षा, सर्वत्र उत्तर जुळणे हाच शेवट असतो, आणि ते योग्यही आहे. तथापि जे आजवर खरे ठरले ते आणि जे नेहमी खरे असणार ते, यांत भेद करण्याची सवय लहानपणीच लागली तर ती पुढे पेढीवरही उपयोगी पडते. त्यासाठी सहाचा पाढा पुरेसा आहे. १९८ नंतर पुढची जोडी कोठे येते, मध्ये कोणत्या संख्या का गळतात आणि प्रत्येक गळतीचे कारण कोणता विभाजक, हे मुलांनी एका वहीत क्रमाने लिहावे. २०४ च्या एका बाजूस २०३, म्हणजे ७ गुणिले २९, आणि दुसऱ्या बाजूस २०५, म्हणजे ५ गुणिले ४१. २१० चे काय होते ते वर आलेच आहे. २१६ ही १०८ ची दुप्पट आहे. तिच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते मुलांनी स्वतः पडताळून पाहावे.